घडणावळ

घाई नसेल तेव्हाच हे वाचायला घ्या. मधे मधे थांबायचं आहे. थांबल्यावर डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आपल्याला जायचं आहे सोनगीरला. धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर फाटा लागतो आणि तिथून दोंडाईचाकडे रस्ता फुटतो. गावाच्या डोक्यावर किल्ल्याची टेकडी आहे. आज या रस्त्यावरून ट्रक धावतात. ते ट्रक मनातून पुसून टाका आणि सव्वाशे वर्षांच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी उतरा. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि सोनगीर पश्चिमेत गेलं. चाळीसगाव-धुळे रेल्वे १९०० पासून धावते आहे, पण ती धुळ्यात येऊन थांबते. धुळ्याच्या पुढे बैलगाडी आणि पाय. कापसाच्या गाड्या रांगेने धुळ्याकडे चालल्या आहेत, त्यांच्या चाकांखालची धूळ रस्त्याच्या कडेच्या निंबांवर बसली आहे.

गावात शिरण्याआधी कान द्या. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव नाणावलेलं आहे. हातोड्यांचा आवाज एका घरातून येत नाही, तो आळीतून येतो. आधी सगळा गोंधळ वाटेल. थोडा वेळ ऐकत राहा, मग एकेक हातोडा वेगळा ऐकू यायला लागतो. कुणाचा जड, कुणाचा हलका, कुणी पत्रा खोल करतो आहे, कुणी नुसता वरून सारखा करतो आहे. ठोके मोजू नका.

एका तांबटाच्या ओट्यावर जरा टेका. तो हंडा करतो आहे. आधी पत्र्यातून गोल कापायचा, भट्टीत तापवायचा, म्हणजे धातू मऊ पडतो. मग ठोकून ठोकून त्याला खोलगट करायचं. ठोकलं की धातू पुन्हा ताठरतो, हट्ट करतो, म्हणून पुन्हा भट्टीत. हंड्याचा खालचा अर्धा वेगळा, वरचा अर्धा वेगळा. दोन्ही काठांना दाते पाडून ते एकमेकांत बसवायचे आणि झाळ द्यायची. चिंचेने घासून काळोखी काढायची. आणि शेवटी मठारायचं, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने बुडापासून गळ्यापर्यंत ओळीने ठोके द्यायचे, एकाला लागून एक. हे ठोके शोभेचे आहेत असं आपल्याला वाटतं. शोभेचे आहेतच, पण भट्टीतून मऊ होऊन आलेला पत्रा त्याच ठोक्यांनी घट्ट होतो. मठारल्याशिवायचा हंडा विहिरीच्या काठावर एकदा आपटला की पोचा पडलाच म्हणून समजा.

त्याचा हात पाहत राहा. एक ठोका, हंडा किंचित फिरतो, दुसरा ठोका.

आता गिऱ्हाईक आलं आहे. वेचणी संपली, कापूस गेला, साहुकाराचं देणं आणि शेतसारा भागला, म्हणून नवरा-बायको हंडा घ्यायला आली आहेत. नवरा भाव करतो. ती बोलत नाही, नखाने हंड्याच्या कडेला टिचकी मारते आणि आवाज ऐकते. तांबट हंडा तागडीत घालतो. किंमत दोन भागांत सांगितली जाते: इतके शेर पितळ, त्याचे इतके, आणि वर घडणावळ इतकी. पितळेच्या भावावर फार घासाघीस होत नाही. तो भाव दूरवरून ठरून येतो, कारण पत्राच विलायतेहून मुंबईच्या बंदरात उतरतो. घासाघीस होते ती घडणावळीवर, म्हणजे समोर बसलेल्या माणसाच्या हाताच्या किमतीवर.

इथे थांबा. हा हंडा घरी जाईल, रोज पाणी भरेल. आणि कधीतरी, दहा वर्षांनी किंवा दोनच वर्षांनी, अडचण येईल. बैल मरेल, नाहीतर मुलगी न्हातीधुती होईल, नाहीतर पाऊस जाईल. मग तोच हंडा पुन्हा तागडीत बसेल. तेव्हा त्याला भाव मिळेल तो मोडीचा, नुसत्या पितळेचा, त्यातही काही वजा करून. घडणावळ बुडाली. इतके ठोके, इतक्या वेळा भट्टी, सगळ्याची किंमत शून्य.

पहिल्यांदा ऐकताना हा सरळसरळ तोटा वाटतो. पोस्टात टाकलेला रुपया काढताना रुपयाच परत येतो, वर थोडं व्याजही. मग शहाण्या माणसाने हंडा का घ्यावा? हा प्रश्न जवळ असू द्या. उत्तराची घाई करू नका.

तोपर्यंत ते पैसे कुठून आले ते पाहू. शेतीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येतानाच दहा ठिकाणी वाटलेला असतो. हंड्याचा पैसा बहुतेक वेळा त्यातला नसतोच. तो वरचा असतो. म्हशीचं दूध घरात न ठेवता विरजलं, लोणी काढलं, तूप कढवलं आणि बाजारात पाठवलं, त्याचे. पहाटे दुसऱ्याचं दळण दळून दिलं, त्याचे. गोवऱ्या थापल्या, गोधड्या शिवल्या, लोकर कातली, वेचणीला दुसऱ्याच्या शेतात गेलं, त्याचे. नवऱ्याने सुगीनंतर बैल रिकामे न बांधता धुळ्यापर्यंत कापसाचं भाडं मारलं, त्याचे. यातलं प्रत्येक काम मुख्य कामाच्या आधी नाहीतर नंतर होतं. म्हणजे वरकमाईचा कच्चा माल काय होता? झोप. पहाटेची नाहीतर रात्रीची.

आता तळहात उघडा आणि त्यावर एक पैसा ठेवा. मनानेच. १९०६ पर्यंत तो तांब्याचा होता, मग सरकारने काशासारख्या मिश्रधातूचा पाडायला सुरुवात केली. तीन पैंचा एक पैसा, चार पैशांचा एक आणा, सोळा आण्यांचा रुपया. १९०७ पासून आणाही नाण्यात आला, निकेल मिसळलेला, कडेने कंगोरे असलेला, अंधारातही बोटांना ओळखू येणारा. रुपया चांदीचा, वजन बरोबर एक तोळा. सोनाराकडे तोळ्याचं वजन नसलं तर रुपया तागडीत टाकायचा. पैसा आणि वजन या तेव्हा दोन गोष्टी नव्हत्याच.

त्या बाईने दिवसाला एक पैसा बाजूला टाकला असं धरा. वर्षाचे ३६५ पैसे. ५ रुपये, ११ आणे, १ पैसा. ही बेरीज मनात पुन्हा करून पाहा, सावकाश, चारने भागून, मग सोळाने. आपल्याला दशमान पद्धतीची सवय झाली आहे, तिला चार आणि सोळाची होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया हा हिशोब बोटांच्या पेरांवर चटकन करत. पोस्टाची सेव्हिंग बँक १८८२ पासून देशभर होती आणि या काळात तिचं व्याज शेकडा तीनच्या आसपास. तिने ते ५ रुपये ११ आणे पोस्टात ठेवले तर वर्षाला पुरते तीन आणेही व्याज होत नाही. आणि पोस्ट म्हणजे फॉर्म, अंगठा, वाचून दाखवणारा कुणीतरी, आणि त्या कुणीतरीला कळलेली शिल्लक. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या निघायला लागल्या; पण सभासद म्हणून तिथे जमीन ज्याच्या नावावर तोच जायचा.

म्हणून पैसे डब्यात राहायचे. कणगीत, चुलीमागच्या कोनाड्यात, लुगड्याच्या गाठीत. आणि डब्यातला पैसा कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे. तो हाक मारतो. दारावर बांगड्या आल्या, पोराला ताप आला, दीर मुंबईला निघाला, नणंद माहेरी आली. गरजा खोट्या नसतात. प्रत्येक गरज डब्याला ऐकू येते. अहिराणीत घरातली म्हातारी म्हणेल, ‘आते नही, मंग.’ आत्ता नाही, मग. पण हे दिवसातून किती वेळा म्हणायचं, आणि कुणाकुणाला? नाही म्हणायलाही बळ लागतं आणि तेही संपतं.

आता हंड्याकडे परत या. दोन-तीन वर्षांचा डबा ओतून तिने हंडा घेतला. त्या दिवसापासून तिला नाही म्हणावं लागत नाही. पैसेच नाहीत, हंडा आहे. हंडा मोडायचा तर घडणावळ बुडते, हे नवऱ्याला ठाऊक, दिराला ठाऊक, शेजारणीलाही ठाऊक. लहानसहान अडचणीला कुणी हंड्याचं नाव काढत नाही, कारण दोन रुपयांच्या गरजेपायी घडणावळ कोण बुडवणार? खरी मोठी अडचण आली तरच हिशोब मांडला जातो. तांबटाला दिलेले ते जादा पैसे तिच्या बचतीभोवतीचं कुंपण होते. ते परत मिळणार नव्हते, म्हणून तर राखण करत होते.

आजच्या भाषेत मुदतीआधी ठेव मोडल्याचा दंड म्हणा हवं तर. फरक इतकाच की हा दंड बँकेला जात नाही. तो आधीच गेलेला आहे, ओट्यावर बसून ठोके देणाऱ्या माणसाकडे. तिचं बुडीत ती त्याची कमाई. त्याच्या घरीही एक डबा आहे.

या वाक्यापाशी थोडं बसा. एका घराने आपली बचत सुरक्षित राहावी म्हणून जे सोडून दिलं, त्यावर दुसऱ्या घराची चूल पेटली. आपण बचतीचा विचार करतो तेव्हा साठलेलं तेवढं मोजतो. साठवण्यासाठी काय दिलं आणि ते कुणाला पोचलं, हे सहसा मोजत नाही.

शिवाय हंडा पडून राहत नाही. तो रोज डोक्यावर चढतो, लग्नात उतरंडीला लागतो, शेजारी मागून नेतात. अडल्यावेळी मोडायचा नसेल तर गहाण ठेवता येतो, आणि गहाण सोडवला की घडणावळही वाचते. त्याची देखभालही असते. स्वयंपाकाच्या भांड्यांना कल्हई लागते, त्यासाठी कल्हईवाल्याचं कथील आणि नवसागर. पाण्याच्या हंड्याला चिंच आणि राख पुरते. सोनं अंगावर घालायला सण लागतो, हंड्याला तहान पुरते. पाच-सात रुपयांची ऐपत असलेल्या घरात सोनं फार तर मण्यापुरतं यायचं. धातूत पैसा ठेवणारा बहुसंख्य गरीब वर्ग सोन्यात नव्हता, पितळेत होता, हे माझं मत. जुन्या बचतीवर लिहिणारे सोन्यावरच अडकतात, कारण सोन्याचे आकडे सरकारी दप्तरात सापडतात. मांडणीवरच्या हंड्यांची नोंद कोण ठेवणार?

आता एक अवघड जागा आहे. तिथे न थांबता पुढे गेलं तर सगळं फार गोड होईल.

तो रोजचा पैसा कुठून वाचला, असं आपण आधी विचारलं आणि झोपेतून असं उत्तर दिलं. ते अर्धंच उत्तर होतं. तूप बाजारात गेलं म्हणजे पोरांच्या भाकरीवर आलं नाही. दूध विकलं म्हणजे प्यायलं नाही. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी जी, तिच्या ताटातून सर्वात जास्त वाचलं. काटकसरीचं कौतुक करताना ही गोष्ट गिळायची आणि आजीच्या टापटिपीबद्दल बोलायचं, ही आपली जुनी सवय आहे. त्या हंड्यात पितळ आणि घडणावळ यांच्याबरोबर कुणाचं तरी पोट आहे. मान खाली घालायला सांगत नाही. फक्त वजन करताना तेही धरा.

थोडा श्वास घ्या. पुढचं पटापट सांगण्यासारखं आहे.

१८९९-१९०० चा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ मधला, म्हणून छप्पनचा. आपल्या या जोडप्याच्या लहानपणीचा. पाऊस गेला आणि मांडणीवरची भांडी घराघरांतून एकाच वेळी बाहेर निघाली. एकट्याची अडचण असते तेव्हा मोडीला भाव असतो. गावाचीच अडचण असते तेव्हा विकणारे सगळे आणि घेणारा एखादा. धान्य चढतं, पितळ उतरतं. कुंपण एका माणसापासून राखण करतं, दुष्काळापासून नाही. एवढं होऊनही पाऊस आल्यावर लोक पुन्हा हंड्यासाठीच पैसा साठवायला लागले. त्यांना धडा मिळाला नव्हता असं नाही. दुसरं काय होतं?

मग पहिलं महायुद्ध. तांबं-जस्त दारूगोळ्याकडे वळलं, विलायती पत्रा दुर्मीळ झाला, भांडं महागलं. ज्यांच्या घरी जुना हंडा होता त्यांची शिल्लक बसल्या जागी वाढली. ज्या तांबटाला पत्रा मिळेना त्याचा हातोडा मंदावला. चांदीचीही ओढाताण झाली, लोक चांदीचा रुपया दडवायला लागले, आणि १९१७ च्या अखेरीला सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. ज्या बाईने आयुष्यभर रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकला, तिच्या हातात कागद. ती नोट तिने डब्यात ठेवली असेल का? मला वाटतं, मिळाल्या दिवशीच खर्चून टाकली असेल आणि चांदीचा रुपया मागे ठेवला असेल. पाठोपाठ १९१८ चा इन्फ्लुएंझा आला.

आणि १९३१. मंदीत कापसाचा भाव कोसळलेला होता. सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णमान सोडलं आणि इकडे सोनं चढायला लागलं. कायद्याने ठरवलेला भाव होता तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै. काही महिन्यांत बाजारभाव तिशीकडे गेला. देशभरातल्या खेड्यांतून दागिने निघाले, आटले, विटा होऊन मुंबईहून बोटीवर चढले. पुढची काही वर्षं हा ओघ चालू होता. काहींनी नफा म्हणून विकलं, पुष्कळांनी सारा आणि व्याज भरायला. सोन्याच्या घडणावळीचं काय झालं ते तुम्हाला आता सांगायला नको.

पुन्हा थोडं मागे, शतकाच्या सुरुवातीला या. तेव्हा महाराष्ट्रात पैशाचा एक वेगळाच डबा फिरत होता. अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ गावोगाव जाऊन माणशी वर्षाला एक पैसा मागत. हाच, तुमच्या तळहातावरचा. टिळकांनी त्या पैसा फंडाला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशाने कुणाचं घर अडत नाही आणि लाख पैशांनी भट्टी पेटते, असं ते गणित. मला त्यातलं आवडतं ते हे की तिथेही देणाऱ्याला पैसा परत मिळायचा नव्हता. तो कुणाच्या तरी हाताला काम लावायला गेला होता. सोनगीरच्या ओट्यावर तेच चाललं होतं, फंड न काढता.

आता शेवटचं. पुन्हा सावकाश.

हंडा घेतल्यावर तांबटाकडे एक काम उरायचं. नाव घालायचं. बारीक छिन्नीने टिंबाटिंबांची अक्षरं. जुन्या भांड्यांवरची ही नावं पाहिलीत तर त्यात बायकांची फार. सौभाग्यवती अमकी, तमक्यांजकडून, कधी मिती, कधी साल. लग्नात आलेली भांडी, डोहाळजेवणात आलेली, स्वतः घेतलेली. सातबारावर तिचं नाव नव्हतं, पतपेढीत नव्हतं, पोस्टाच्या पुस्तकात क्वचित. गळ्याखाली, मठारलेल्या दोन ओळींच्या मधल्या जागेत मात्र होतं. खात्यावर नाव असणं म्हणतात ते हेच असेल तर तिचं खातं हे होतं.

नाव असलं म्हणून विकताना तिला विचारलं जायचंच असं नाही. कितीतरी हंडे न विचारता गेले. पण नाव वाचल्याशिवाय तागडीत घालता येत नव्हतं, आणि तांबट गावातलाच होता. त्यालाही वाचता येत होतं. तो विचारायचा, ‘वहिनीले सांगं का?’ कधी त्या प्रश्नाने हंडा परत घरी यायचा, कधी नाही.

तुमच्या घरी माळ्यावर असा एखादा हंडा असेल. पुढे ॲल्युमिनियम आलं, मग स्टील, मग प्लास्टिकच्या कळशा, मग नळ. हंडा वर गेला आणि मोडीत द्यायचा म्हणून राहून गेला. आता पितळेला भाव चांगला आहे, आणि जुन्या मठारलेल्या भांड्यांना हौशी लोक मोडीहून जास्त देतात, म्हणजे घडणावळीची किंमत शंभर वर्षांनी का होईना परत आली म्हणायची. ज्यांनी ती भरली त्यांच्यापैकी कुणीच ती घ्यायला उरलेलं नाही.

तो खाली काढा, पुसा, उजेडात तिरका धरा म्हणजे टिंबं दिसतील. नाव वाचून घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. पैशाचं आधी विचारू नका. पाणी कुठून आणायचात, किती खेपा व्हायच्या, ते विचारा. पैशाचं ती आपणच सांगेल.